घरातली ‘मोडी’ वाचताना : एकाच जनुकामुळे होणारा मधुमेह

दुबईत किंवा अबूधाबीत एखाद्या मराठी घरी गणपतीच्या आरतीला गेलात, तर प्रसादाच्या वेळी एक संवाद हमखास कानावर पडतो. मोदकांचं ताट पुढे येतं आणि कुणीतरी म्हणतं, “मला अर्धाच द्या, शुगर आहे.” त्यावर पलीकडून उत्तर येतं, “आमच्याकडे तर घरात सगळ्यांनाच आहे.” दोघं हसतात, अर्धा अर्धा मोदक घेतात आणि विषय संपतो.

आज त्या दुसऱ्या वाक्यापाशी थोडं थांबू या. ‘सगळ्यांनाच’ म्हणजे नक्की कोणाला? कितव्या वर्षी? आईच्या बाजूने की वडिलांच्या? हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही, कारण मधुमेह आपल्याला सर्दीइतकाच ओळखीचा झाला आहे. पण काही मोजक्या घरांत याच प्रश्नांच्या उत्तरांवर कुणाचं इन्शुलिन बंद होऊ शकतं, कुणाच्या गोळ्या बंद होऊ शकतात आणि कुणाच्या तान्ह्या बाळाचा पुढचा सगळा प्रवास बदलू शकतो.

टाइप १, टाइप २ आणि तिसरी गोष्ट

मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार तुम्हाला माहीत असतील. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. या पेशी इन्शुलिन बनवतात, त्यामुळे इन्शुलिन बाहेरून घ्यावं लागतं. टाइप २ मध्ये इन्शुलिन असतं, पण ते पुरत नाही किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. या दोन्ही प्रकारांत अनुवंशिकतेचा वाटा असतो, पण तो अनेक जनुकांमध्ये विखुरलेला असतो. प्रत्येक जनुक थोडा थोडा धोका वाढवतं आणि त्यात खाणं, वजन, झोप, ताण यांची भर पडते.

तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात हजारो जनुकांपैकी एकाच जनुकात चूक असते आणि तेवढी एक चूक मधुमेह होण्यासाठी पुरेशी ठरते. याला एकजनुकीय मधुमेह म्हणतात. एकूण मधुमेहींमध्ये याचं प्रमाण साधारण १ ते ४ टक्के सांगितलं जातं. ते कमी वाटेल. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातला एकच टक्का धरला तरी दहा लाख माणसं होतात.

या गटातला सर्वांत परिचित प्रकार १९७०च्या दशकात इंग्लंडचे रॉबर्ट टॅटरसॉल आणि अमेरिकेतल्या मिशिगनचे स्टीफन फायन्स यांनी वेगळा ओळखला. काही कुटुंबांत विशी-पंचविशीच्या आतच मधुमेह होत होता, पण तो वागत होता मोठ्या माणसांच्या सौम्य मधुमेहासारखा आणि तो प्रत्येक पिढीत दिसत होता. त्याला जे लांबलचक इंग्रजी नाव मिळालं, त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘मोडी’.

मराठी माणसाला हा उच्चार ऐकला की मोडी लिपी आठवणारच. योगायोग आहे, पण अगदी जुळणारा आहे. जुन्या घराच्या पेटीत मोडी कागद असतात, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात, पण वाचता येणारा माणूस मिळेपर्यंत त्यात काय लिहिलंय ते घरात कुणालाच ठाऊक नसतं.

पेशीच्या आत काय घडतं

पुढचं समजायला बीटा पेशीचं काम थोडक्यात पाहू. रक्तातली साखर पेशीत शिरते. ग्लुकोकायनेज नावाचं विकर तिच्यावर पहिली प्रक्रिया करतं. त्यातून पुढे ऊर्जा, म्हणजे एटीपी तयार होतं. पेशीच्या भिंतीत पोटॅशियमसाठी छोटी दारं असतात. एटीपी वाढलं की ही दारं बंद होतात. दारं बंद झाली की पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि साठवलेलं इन्शुलिन रक्तात सोडलं जातं.

साखर वाढली, दार बंद झालं, इन्शुलिन सुटलं, अशी ही साखळी आहे. एकजनुकीय मधुमेहात या साखळीची एखादी कडी, किंवा ती साखळी उभी करणारा एखादा व्यवस्थापक, बिघडलेला असतो. कोणती कडी बिघडली यावर उपचार ठरतो.

पहिली कडी : थर्मोस्टॅट

इथे राहणाऱ्याला एसीचा थर्मोस्टॅट समजावून सांगायची गरज नाही. समजा, तुमच्या घरातला थर्मोस्टॅट कारखान्यातूनच २४ ऐवजी २६ अंशांवर बसवून आला आहे. एसी उत्तम चालतो, खोली गारही करतो, पण २६ अंशांवर थांबतो.

ग्लुकोकायनेज हा बीटा पेशीचा थर्मोस्टॅट आहे. त्याच्या जीसीके या जनुकात चूक असली की शरीर साखर नियंत्रित करतं, पण थोड्या वरच्या पातळीवर. उपाशीपोटी साखर जन्मापासूनच साधारण १०० ते १४५ मिलिग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे ब्रिटनमधल्या मापात ५.५ ते ८ राहते. एचबीएवनसी साडेसातच्या वर सहसा जात नाही. या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध १९९२ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून उघड झाला.

अशा माणसाला औषधाची सहसा गरज नसते. गोळ्या दिल्या तरी आकडा फारसा हलत नाही, कारण शरीर आपल्या ठरलेल्या पातळीवर परत येतं. मग गुंतागुंतीचं काय? २०१४ मध्ये एक्झिटरच्या संशोधकांनी ही चूक असलेल्या ९९ जणांचे डोळे, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या तपासल्या. आयुष्यभर साखर किंचित वर असूनही गंभीर गुंतागुंत त्यांच्यात फार कमी होती, जवळपास मधुमेह नसलेल्या नातेवाइकांइतकीच.

अपवाद एक, आणि तो महत्त्वाचा आहे : गरोदरपण. आईत ही चूक असेल आणि बाळाला ती मिळाली नसेल, तर बाळाला आईकडून जास्त साखर मिळते, ते जास्त इन्शुलिन बनवतं आणि प्रमाणाबाहेर वाढतं. तिथे आईला उपचार लागू शकतो. पण बाळानेही तीच चूक घेतली असेल, तर त्याचाही थर्मोस्टॅट आईसारखाच असतो. अशा वेळी आईची साखर जोर लावून खाली आणली, तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. एकाच आईच्या दोन बाळंतपणांत दोन वेगळे उपचार योग्य ठरू शकतात, ते असे. गरोदरपणात ‘शुगर निघाली’ असं सांगितलेली आणि बाळंतपणानंतरही उपाशीपोटीचा आकडा तसाच थोडा वर राहिलेली सडपातळ बाई तुमच्या ओळखीत असेल, तर ही शक्यता डॉक्टरांना विचारण्यासारखी आहे.

दुसरी कडी : व्यवस्थापक

एचएनएफ१ए हे जनुक १९९६ मध्ये शिकागोच्या ग्रॅएम बेल यांच्या गटाने मधुमेहाशी जोडलं. ते स्वतः साखरेला हात लावत नाही. बीटा पेशीतली इतर अनेक जनुकं चालू ठेवण्याचं काम त्याच्याकडे असतं. व्यवस्थापकच ढिला पडला की कारखाना हळूहळू मंदावतो. लहानपणी साखर ठीक असते, पण विशी-तिशीपर्यंत ती वाढू लागते आणि वाढतच जाते. इथे गुंतागुंत होते, दुर्लक्ष चालत नाही.

याच जनुकाचं मूत्रपिंडातही काम असतं. म्हणून अशा लोकांच्या लघवीत साखर लवकर उतरते, कधी कधी रक्तातली साखर मधुमेहाच्या पातळीला पोहोचण्याआधीच.

बिघाड जिथे आहे, त्याच्या पुढची दारं मात्र शाबूत असतात. सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या थेट त्या पोटॅशियमच्या दारांवर काम करतात, वरच्या कड्यांना वळसा घालून. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात या रुग्णांची उपाशीपोटीची साखर मेटफॉर्मिनपेक्षा ग्लिक्लाझाइडने सुमारे पाचपट जास्त उतरली. टाइप १ समजून वर्षानुवर्षं इन्शुलिन घेणारे अनेक जण या गोळीच्या लहान डोसवर आले आहेत. काहींना पुढे बऱ्याच वर्षांनी इन्शुलिन पुन्हा लागतं, पण मधली वर्षं सुईविना जातात.

तिसरी कडी : बंद न होणारं दार

आता सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट. जन्मल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेलं बाळ. इतक्या लवकर टाइप १ जवळजवळ होतच नाही. अशा बाळात एकजनुकीय कारण असण्याचीच शक्यता सर्वाधिक असते. काही बाळांत हा मधुमेह काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो आणि पुढे कधीतरी परत येतो. बाकीच्यांत तो कायमचा असतो.

२००४ मध्ये ॲना ग्लॉइन, अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कायमच्या प्रकारातल्या अनेक बाळांमध्ये केसीएनजे११ या जनुकात चूक असते. हे जनुक म्हणजे त्या पोटॅशियमच्या दाराचाच आराखडा. चुकीमुळे दार उघडंच अडकतं. एटीपी कितीही वाढलं तरी ते बंद होत नाही. पेशीत इन्शुलिन तयार असतं, साठलेलं असतं, पण बाहेर पडत नाही.

मग प्रश्न आला, की दार दुसऱ्या बाजूने ढकलून बंद करता येईल का? त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नाही. सल्फोनिलयुरिया नेमकं तेच करतात. या औषधांची सुरुवात १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएला झाली. विषमज्वराच्या रुग्णांना दिलेल्या एका औषधाने त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरत असल्याचं मार्सेल जानबाँ यांच्या लक्षात आलं. साठ वर्षांनी तीच जुनी, स्वस्त गोळी या बाळांच्या कामी आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्शुलिनवरच्या ४९ रुग्णांना गोळ्यांवर आणण्याचा प्रयत्न झाला. ४४ जणांचं इन्शुलिन बंद झालं. पुढे अशाच रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ८१ पैकी ७५ जण केवळ गोळ्यांवरच होते.

हे दार मेंदूतही असतं. म्हणून यातल्या काही मुलांना बोलायला, चालायला उशीर होतो किंवा आकडी येते. गोळीचा त्यातही थोडा उपयोग होतो आणि ती लवकर सुरू झालेली बरी. निदानाला लागलेला उशीर इथे फक्त सुयांच्या संख्येत मोजता येत नाही.

अबूधाबीत हेच गणित बदलतं

‘तान्ह्या बाळाला मधुमेह, म्हणून गोळी देऊन बघू’ असं सरसकट म्हणता येईल का? नाही, आणि त्याचं कारण आपण राहतो त्या प्रदेशात फार स्पष्ट दिसतं.

२०१५ मध्ये एक्झिटरच्या गटाने ७९ देशांतल्या अशा १,०२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८२ टक्के जणांत जनुकीय कारण सापडलं. आई-वडील एकमेकांचे नातेवाईक नसतील, तर ४६ टक्के बाळांत दाराची चूक निघाली. आई-वडील जवळचे नातेवाईक असतील, तर हेच प्रमाण १२ टक्क्यांवर आलं. नात्यातल्या लग्नांच्या घरांत सर्वाधिक आढळणारं कारण वेगळंच होतं : ईआयएफ२एके३ या जनुकातली चूक, म्हणजे वोलकॉट-रॅलिसन सिंड्रोम. त्यात मधुमेहाबरोबर हाडांची वाढ बिघडते आणि साध्या आजारपणातही यकृत एकाएकी निकामी होऊ शकतं. इथे गोळी चालत नाही, इन्शुलिनच लागतं. पण निदान आधी कळलं, तर पुढच्या संकटांसाठी आई-वडील आणि डॉक्टर सावध राहू शकतात.

अरब कुटुंबांत कायमच्या नवजात मधुमेहाची कारणं युरोपपेक्षा वेगळी आहेत, हे २०१२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडलं. २०१६ मध्ये डॉ. अस्मा दीब आणि सहकाऱ्यांनी खास अबूधाबी अमिरातीतल्या नवजात मधुमेहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या शहरात आपण नोकरीला येतो, तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी या दुर्मीळ आजाराची स्थानिक पाहणी केलेली आहे.

फरकाचं कारण साधं आहे. मोडीमध्ये आई किंवा वडील, कुणा एकाकडून आलेली चुकीची प्रत पुरते. म्हणून प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि आजार प्रत्येक पिढीत दिसतो. वोलकॉट-रॅलिसनमध्ये दोन्ही प्रती चुकीच्या लागतात. आई-वडील दोघंही ठणठणीत असतात, पण दोघांकडे एकेक चुकीची प्रत असते. आजोबा-आजी समाईक असले, की दोघांकडे तीच चूक असण्याची शक्यता वाढते. अशा आजारांचा विचार करूनच अमिरातीच्या नागरिकांना लग्नाआधीची जनुकीय तपासणी जानेवारी २०२५ पासून देशभर सक्तीची झाली आहे. अबूधाबीत त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती लागू झाली. तिथल्या तपासणीत ५७० जनुकं पाहिली जातात.

हे वाचून ‘आपल्यात असं नसतं’ म्हणण्याआधी मामाच्या मुलीशी लग्नाची महाराष्ट्रातली प्रथा आठवा. गोत्र वेगळं म्हणून ते लग्न चालतं. पण गोत्र वडिलांकडून येतं आणि जनुकं दोघांकडून. मामेबहिणीचं गोत्र वेगळं असलं, तरी तिची आणि तुमची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. यात कुणाला दोष द्यायचा नाही. डॉक्टरांनी ‘तुमचं लग्न नात्यातलं आहे का?’ असं विचारलं, तर तो टोमणा नसून निदानाचा भाग आहे, एवढंच लक्षात ठेवा.

आपल्यात हे ओळखणं अवघड का?

युरोपात मोडीचा संशय घेण्याची रीत सोपी होती : तरुण वय, सडपातळ बांधा, आई किंवा वडिलांना मधुमेह. हीच चाळणी आपल्यावर लावली, तर निम्मी आरती त्यात अडकेल.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण आतून तसे नसतो. त्यामुळे आपल्यात टाइप २ कमी वयात आणि कमी वजनातही होतो आणि आई-वडील दोघांनाही असणं सर्रास दिसतं. ब्रिटनमध्ये मोडीच्या तपासणीसाठी पाठवलेल्या रुग्णांत गोऱ्यांच्या तुलनेत दक्षिण आशियाई लोकांत जनुकीय चूक सापडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी निघालं, त्यामागे हेही एक कारण आहे. टाइप २ ची गर्दीच एवढी, की वेगळा माणूस त्यात दिसत नाही. आणि हे गर्दी नसलेल्या ठिकाणीही घडतं : ब्रिटनमध्येही मोडीच्या ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचं निदान झालेलं नव्हतं, असा २०१० मधला अंदाज होता.

परदेशात आणखी एक अडचण येते. आपली फाइल इथे आलो त्या वर्षापासून सुरू होते. आजोबांचे रिपोर्ट साताऱ्यात, आत्या नागपुरात, काका केव्हाच गेलेले. डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘कुटुंबात मधुमेह?’ या प्रश्नासमोर आपण ‘हो’ एवढंच लिहितो.

आणि एक अडचण आपली आपणच तयार केलेली आहे. लग्न ठरत असताना, विशेषतः मुलीचं, ‘तिच्या शुगरचं कुठे बोलू नका’ असं घरात बजावलं जातं. एकदा लपवलेली गोष्ट पुढे तशीच राहते. वीस वर्षांनी त्या आत्याचा भाचा शारजात इन्शुलिन टोचत बसलेला असतो आणि आत्या तिशीच्या आधीपासून एका गोळीवर व्यवस्थित आहे, हे त्याला माहीतच नसतं. त्याच्या निदानासाठी सर्वांत उपयोगाचा कागद तोच असतो.

मग करायचं काय?

पुढच्या फोनवर घरी विचारा आणि एका कागदावर वंशवृक्ष काढा. तीन पिढ्या, दोन्ही बाजू. प्रत्येकाच्या नावापुढे मधुमेह कळला ते वय, तेव्हाचा बांधा आणि काय उपचार चालू आहे, एवढं लिहा. मग पुढच्या गोष्टी दिसतात का ते पाहा :

- बाळाला पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झाला. आज ती व्यक्ती तीस वर्षांची असली आणि ‘टाइप १’ म्हणून इन्शुलिनवर असली, तरीही तपासणी करण्यासारखी आहे.
- घराच्या एकाच बाजूने, सलग पिढ्यांत, पंचविशी-तिशीच्या आत मधुमेह.
- ‘टाइप १’ म्हटलं, पण तीन-पाच वर्षांनीही इन्शुलिनची गरज फारच कमी.
- उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं किंचित वर, पण वाढतही नाही आणि औषधाने उतरतही नाही.

यातलं काही जुळलं, तर तो कागद घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. आधी साध्या रक्ततपासण्या होतात. एक, टाइप १ मध्ये सापडणारी प्रतिपिंडं आहेत का. दोन, सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवतंय का. प्रतिपिंडं नाहीत आणि सी-पेप्टाइड आहे, तर जनुकीय चाचणीला अर्थ आहे. तिचा खर्च तुमच्या विम्यात बसतो का, ते आधी विचारून घ्या. सुट्टीत भारतात जाणार असाल तर चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये या विषयावर अनेक वर्षं काम चालू आहे. नवजात मधुमेहासाठी एक्झिटरच्या प्रयोगशाळेने जगभरातल्या डॉक्टरांकडून आलेले नमुने मोफत तपासले आहेत.

चाचणीचं उत्तर दर वेळी हो किंवा नाही असं येत नाही. कधी ‘बदल सापडला, पण त्याचा अर्थ स्पष्ट नाही’ असं येतं. जगातल्या जनुकीय नोंदींत दक्षिण आशियाई लोक कमी असल्यामुळे आपल्या बाबतीत हे जास्त होतं. अशा उत्तरावर औषध बदलू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं : हा लेख वाचून कुणीही स्वतःहून इन्शुलिन बंद करू नका. खरोखर टाइप १ असेल, तर काही दिवसांत, कधी काही तासांतच, जीव धोक्यात येतो. गोळीवर बदलणं हे जनुकीय निदान झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साखर मोजत करायचं काम आहे.

बहुतेक घरांत वंशवृक्ष काढून झाल्यावर उत्तर तेच निघेल : नेहमीचा टाइप २, चाला, भात कमी करा. हरकत नाही, तो कागद मुलांच्या कामी येईल. पण एखाद्या घरात त्या रेघांमध्ये मोडी सापडेल. म्हणून पुढच्या आरतीला कुणी “आमच्याकडे सगळ्यांनाच आहे” म्हणालं, तर अर्धा मोदक घेता घेता विचारा, “सगळ्यांना म्हणजे कोणाला? आणि कितव्या वर्षी?”